चौथी बॅटरी घेण्याआधी

ग्रामस्थहो, पोस्ट लांब आहे. पण विषय आपल्या सगळ्यांच्या वर्गणीतून घेतलेल्या रुग्णवाहिकेचा आहे आणि आपल्या ड्रायव्हरच्या पगाराचाही आहे, म्हणून सवडीने का होईना पण पूर्ण वाचा. पुण्या-मुंबईला असलेल्यांनीही वाचा, वर्गणी तुमचीही आहे.

पंधरवड्यापूर्वीच्या बैठकीत विषय क्रमांक तीन होता, "रुग्णवाहिकेस नवीन बॅटरी घेणे". बावीस महिन्यांत तीन बॅटऱ्या झाल्या, ही चौथी. त्यावर दोन मतं पडली. एक म्हणजे जास्त अँपिअरची दणकट बॅटरी घ्या आणि कटकट मिटवा. दुसरं म्हणजे गाडीतच खोट आहे, विकून टाका. ड्रायव्हर निष्काळजी आहे यावर मात्र सगळ्यांचं एकमत होतं. मी म्हटलं, खरेदी थोडी लांबवा, मला आधी गाडी बघू द्या. एसटीच्या डेपोत ३१ वर्षं इलेक्ट्रिशियन म्हणून काढली. पहाटे पाचच्या गाडीला धक्का मारायला लागू नये यासाठीच सरकार मला पगार देत होतं, असं म्हटलं तरी चालेल.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडी पूर्वपीठिका. ही गाडी आपण घेतली २०२१ च्या दुसऱ्या लाटेनंतर. एप्रिल-मेमध्ये आपल्यावर काय वेळ आली होती ते कुणाला आठवून द्यायला नको. १०८ ची सेवा राज्यात २०१४ पासून आहे, सुरुवातीला राज्यभर मिळून ९३७ गाड्या होत्या. त्या सेवेला मी नावं ठेवत नाही, तिने पुष्कळांचे जीव वाचवले आहेत. पण बार्शी आपल्यापासून अठरा किलोमीटर. जवळची गाडी दुसऱ्या पेशंटला घेऊन गेलेली असली की वाट बघण्याखेरीज हातात काही नसतं. म्हणून गावाने जुनी व्हॅन घेतली, स्ट्रेचर बसवला, ऑक्सिजनचा सिलिंडर बसवला, सायरन लावला. पहिली दोन वर्षं गाडी एका हाकेत चालू व्हायची. मग बॅटरी उतरायला लागली.

पहिल्यांदा उतरली तेव्हा दुकानात नेली. दुकानदाराने रात्रभर चार्जिंगला लावली आणि सकाळी सांगितलं, बॅटरी चांगली आहे. बरोबरच सांगितलं त्याने! बॅटरी चांगली आहे तर मग उतरते का, हा प्रश्न तिथेच विचारायचा होता. तो कुणी विचारला नाही. आठ दिवसांत परत उतरली, मग नवीन घेतली. नवीन म्हटल्यावर दोनतीन महिने बरे गेले. पुन्हा तेच. दुसऱ्या खेपेला एका मेकॅनिकने डायनामो तपासला. म्हणजे काय केलं, तर इंजिन चालू ठेवून बॅटरीचं टर्मिनल काढलं. गाडी बंद पडली नाही, म्हणजे डायनामो ठीक. ही जुन्या काळातली पद्धत अजून चालू आहे. कृपा करून कुणी करू नका आणि आपल्या गाडीवर करू देऊ नका. चालू इंजिनातून बॅटरी काढली की व्होल्टेज एकदम उसळतं आणि आताच्या गाड्यांतलं इलेक्ट्रॉनिक सामान त्यात जळू शकतं. दोनशे रुपयांच्या मीटरवर जे समजतं ते समजून घेण्यासाठी हा जुगार कशाला?

तिन्ही बॅटऱ्यांची बिलं मी खजिनदारांकडून पाहिली. ४,३०० अधिक ४,४५० अधिक ४,६००. एकूण १३,३५० रुपये.

मधल्या काळात ती ऑगस्टमधली रात्र झाली. रात्रीच्या लाईटच्या पाळीला मोटर चालू करायला गेलेल्या आपल्या एका शेतकऱ्याला बांधावर साप चावला. पहाटे दोनला फोन आला. ड्रायव्हर पाच मिनिटांत गाडीपाशी. चावी फिरवली तर फक्त टिकटिक. सहा जणांनी ढकलली, तरी गाडी चालू होईना. शेवटी भाजीच्या पिकअपमधून माणसाला बार्शीला नेलं. माणूस वाचला, आज शेतात काम करतो आहे. पण पंचवीस मिनिटं गेली ती गेली, आणि त्या पंचवीस मिनिटांचा राग गावाने काढला तो ड्रायव्हरवर. पोरगा गाडीत बसून मोबाईल चार्ज करतो, गाणी लावतो, दिवा चालू ठेवून झोपतो. एकाने तर बॅटरी बदलून जुनी ठेवली असंही म्हटलं. समितीने तिसऱ्या बॅटरीचे १,८०० रुपये त्याच्या पगारातून तीन हप्त्यांत कापले. महिना नऊ हजारांवर काम करणारा माणूस आहे तो. त्याने एक शब्द काढला नाही. मला एवढंच म्हणाला, "काका, चावी माझ्या खिशात असती. मी काय करणार सांगा."

आता गाडीबद्दल.

बॅटरी म्हणजे पाण्याची टाकी समजा. डायनामो म्हणजे टाकी भरणारी मोटर. सेल्फ, दिवे, सायरन हे नळ. टाकी रिकामी होत असेल तर चार शक्यता. टाकीच फुटकी आहे, मोटर पाणी चढवत नाही, कुठेतरी नळ उघडा राहिला आहे, किंवा पाणी आहे पण पाईपात गाळ बसला आहे. टाकी बदलली की पहिली शक्यता सोडून बाकी तिन्ही जशाच्या तशा राहतात. आणि मोठी टाकी आणली तर उघड्या नळाला आणखी पाणी मिळतं, एवढंच.

मी गेलो त्या सकाळी बॅटरीवर १०.९ व्होल्ट होते. बारा व्होल्टची बॅटरी म्हणतात खरी, पण ती पूर्ण भरलेली असेल आणि काही तास शांत असेल तर १२.६ च्या वर दाखवायला हवी. १२.२ म्हणजे निम्मी, १२ म्हणजे पाव. १०.९ म्हणजे तळाशी गाळसुद्धा उरला नाही. बॅटरी काढून घरी आणली. रात्रभर हळू चार्जिंगला लावली, साडेतीन अँपिअरवर, म्हणजे तिच्या ३५ अँपिअर-तास क्षमतेच्या दहाव्या भागाने. घाईने जास्त करंट देऊन भरली की प्लेटा तापतात. सकाळी काढून दुपारपर्यंत तशीच ठेवली आणि मग मोजली, १२.६. हायड्रोमीटरने सहाही कप्प्यांतलं ॲसिड तपासलं, सगळीकडे जवळपास सारखं. एखादा कप्पा मेलेला असता तर तिथे काटा लगेच खाली दिसला असता. म्हणजे टाकी फुटकी नाही.

गाडीत बसवून इंजिन चालू केलं. बॅटरीवर १४.२ व्होल्ट. दिवे, पंखा, सायरन सगळं लावलं तरी १३.९. म्हणजे मोटर पाणी चढवते आहे, डायनामो निर्दोष.

मग अर्थिंग. सेल्फ मारताना बॅटरीचं मायनस टोक आणि इंजिनची धातूची बॉडी यांच्यात किती व्होल्टचा फरक पडतो ते पाहायचं. ०.२ च्या आत हवा. आपल्या गाडीत ०.७ निघाला. सीट उचलून पाहिलं तर अर्थिंगच्या पट्टीवर हिरवा फुलोरा आलेला. पट्टी घासून साफ केली, बोल्ट आवळले, फरक ०.१ वर आला. हा पाईपातला गाळ. याने सेल्फ जड जातो, पण उभ्या गाडीची बॅटरी याने उतरत नाही. खरा आजार अजून सापडायचा होता.

संध्याकाळी गाडी शेडमध्ये लावली, दारं बंद केली, चावी खिशात. बॅटरीची मायनस वायर काढून मधे मीटर जोडला, दहा अँपिअरच्या खाचेत. असा मीटर जोडलेला असताना सेल्फ अजिबात मारायचा नाही, मीटरचा फ्यूज उडतो. अर्धा तास थांबलो, कारण गाडीतले काही भाग चावी काढल्यावर लगेच झोपत नाहीत. उभ्या, बंद गाडीने ०.०५ अँपिअरच्या आसपास करंट घेतला तर त्याला कुणी चोरी म्हणत नाही. घड्याळ, रेडिओची मेमरी यांना तेवढा लागतो. मीटरवर आकडा होता ०.७१.

ड्रायव्हर शेजारीच उभा होता. मी त्याला म्हटलं, बघ, तू गाडीला हातसुद्धा लावलेला नाहीस आणि ही बॅटरी पितेय.

हिशेब करून बघा. ३५ अँपिअर-तासांची बॅटरी, दर तासाला ०.७१ जातोय. नवी कोरी असली तरी एका दिवसात निम्मी, दोन दिवसांत संपली. आता ती सापाची रात्र घ्या. ड्रायव्हरच्या लॉगबुकात नोंद आहे, गाडी शनिवारी संध्याकाळी सातला बार्शीहून आली. फोन आला सोमवारी पहाटे दोनला. मधे एकतीस तास. म्हणजे बावीस अँपिअर-तास गेले. त्यातून बॅटरी आधीच अनेकदा उतरून खचलेली. त्या रात्री चावी कुणीही फिरवली असती, माझ्यासकट, तरी टिकटिकच ऐकू आली असती.

करंट जातो कुठे? एकेक फ्यूज काढत गेलो. एका फ्यूजला ०.०५ कमी झाला, तो ट्रॅकरचा, ते ठीक आहे. बाकी कुठलाही फ्यूज काढला तरी आकडा हलेना. डायनामोची जाड वायर सोडवून पाहिली, कारण आतला डायोड गळका असेल तर उभ्या गाडीची बॅटरी तिथूनही उतरते आणि फ्यूज काढून ते समजत नाही. तिथेही काही नाही. म्हणजे गळती फ्यूजबॉक्सच्या अलीकडेच होती. बॅटरीच्या प्लस बोल्टाखाली मूळच्या वायरीशिवाय दोन जादा लाल वायरी दाबलेल्या दिसल्या. एक सोडवली, आकडा ०.७१ वरून ०.१९ वर. दुसरी सोडवली, ०.०६.

दुसरी वायर सायरनच्या ॲम्प्लिफायरची. पहिलीचा माग काढत मॅटखालून मागे गेलो तर ती बाकाखालच्या प्लायवूडच्या पेटीत शिरलेली. पेटी स्क्रूने बंद. आत इन्व्हर्टर. नेब्युलायझर चालवण्यासाठी बसवलेला, त्याचं बटण कायम चालू. बाहेर दिसतं ते फक्त घरातल्यासारखं सॉकेट. त्याला काही जोडलेलं नसलं तरी इन्व्हर्टर स्वतःच जागा राहण्यासाठी अर्धा अँपिअर खात बसलेला. त्या पेटीत काय आहे हे ड्रायव्हरला कुणी कधी सांगितलंच नव्हतं.

मग मी समितीचं रजिस्टर उघडलं. इन्व्हर्टर देणगीतून बसवल्याची नोंद आहे, तारखेसकट. आणि गाडीची बॅटरी पहिल्यांदा उतरली ती त्यानंतर अकराव्या दिवशी. दोन्ही नोंदी एकाच पानावर आहेत हो! देणगीदाराचा हेतू चांगला होता, दम्याच्या पेशंटांना त्याचा उपयोगही झाला. बसवणाऱ्याचं नाव मी घेणार नाही. पण त्याने वायर सरळ बॅटरीवरून घेतली, चावीच्या स्विचमधून नाही, आणि फ्यूजसुद्धा टाकला नाही.

या फ्यूजबद्दल जरा थांबतो, कारण बॅटरी उतरणं हा यातला किरकोळ भाग आहे. ती वायर पुढच्या सीटच्या पट्टीखालून गेलेली होती आणि एका जागी तिचं रबर घासून पातळ झालेलं होतं. अजून थोडी घासली असती तर तांबं थेट बॉडीला लागलं असतं. मधे फ्यूज नाही, म्हणजे वायर लाल होऊन पेटेपर्यंत तिला अडवणारं काही नाही. आणि त्याच गाडीत दोन हातांवर ऑक्सिजनचा सिलिंडर. ऑक्सिजन स्वतः पेटत नाही, पण लागलेली आग भडकवतो. बावीस महिने आपण पेशंट अशा गाडीतून नेले.

दुरुस्ती एका दुपारची. वायर बदलली आणि नळीतून नेली, बॅटरीजवळच ३० अँपिअरचा फ्यूज टाकला, चावीवर चालणारा रिले बसवला. इंजिन बंद असताना नेब्युलायझर लागलाच तर त्यासाठी डॅशबोर्डवर वेगळं बटण आणि त्याला लाल दिवा दिला, चालू राहिलं तर दिसावं म्हणून. सायरनही चावीवर घेतला. सामानाचा खर्च ७८० रुपये, पावत्या खजिनदारांकडे दिल्या आहेत. नंतर गाडी मुद्दाम चार दिवस उभी ठेवली. पाचव्या दिवशी १२.५ व्होल्ट, आणि अर्ध्या सेल्फमध्ये चालू. तेव्हा चौथी बॅटरी आत्ता घेऊ नका. तिसरी किती वर्षं जाईल याची हमी मी देत नाही. वारंवार तळापर्यंत उतरलेल्या बॅटरीच्या प्लेटांवर सल्फेट कडक होऊन बसतं आणि ते सगळं परत सुटत नाही. पण आजच्या घडीला ती काम करते आहे.

आणि पहिली "मेलेली" बॅटरी? ती भंगारात गेली होती, तिथून आपल्याच एका शेतकऱ्याने सहाशे रुपयांना उचलली. आज ती रानडुकरांसाठी लावलेल्या झटका मशीनवर चालू आहे. मी स्वतः शेतात जाऊन मोजून आलो. (दुसरीचं काय झालं ते कुणालाच सांगता येत नाही. बॅटरीत शिसं आणि ॲसिड असतं, २०२२ च्या नियमांप्रमाणे जुनी बॅटरी गोळा करणाऱ्याकडे किंवा रीसायकल करणाऱ्याकडे जायला हवी आणि विक्रेत्याला परत दिली की बिलातही सूट मिळते. पुढच्या वेळी तेवढं बघा.)

समितीतल्या मंडळींनी राग मानू नये. पैसे कुणी खाल्लेले नाहीत, बिलं चोख आहेत. अडचण अशी आहे की बॅटरी घेतली की पावती मिळते, ठराव लिहिता येतो, फोटो निघतो. कोण अर्धा दिवस मीटर लावून बसला याची पावती कुठून आणणार? सौर दिव्यांचंही आपण हेच केलं. चौदा खांबांपैकी पाच जळतात, दोनदा बॅटऱ्या बदलल्या, पण पॅनेलवरची धूळ कुणी पुसली का, सावली करणारी फांदी कुणी छाटली का, हे बघायला कुणाला सांगितलेलंच नाही.

ज्यांच्या स्वतःच्या गाड्या उभ्या राहून बंद पडतात त्यांनीही आधी आठवून पाहावं, बॅटरी उतरायला लागण्याच्या थोडं आधी गाडीत नवीन काय बसवलं होतं? डॅशकॅम, म्युझिक सिस्टीम, ट्रॅकर, काहीही. डिकीचा दिवा झाकण लावल्यावर खरंच बंद होतो का, तेही बघा. आत मोबाईलचा व्हिडिओ चालू करून झाकण लावा, कळेल. आणि गाडी फक्त घर ते बाजार, दोन किलोमीटर, एवढीच फिरत असेल तर दोष कशातच नसेल. डायनामोला टाकी भरायला वेळच मिळत नाही. आठवड्यातून एकदा बार्शीपर्यंत फिरवून आणा. बॅटरी सोडवताना आधी मायनस, जोडताना शेवटी मायनस, आणि हातातलं कडं-अंगठी काढून. प्लसला लावलेला पाना बॉडीला टेकला की काय होतं ते मी डेपोत पाहिलं आहे.

रविवारी सकाळी नऊ ते बारा मी मारुतीच्या देवळासमोर मीटर घेऊन बसणार आहे. गाडी आदल्या रात्रीपासून उभी असलेली बरी, म्हणजे आकडा खरा येईल. ज्यांची आणताच येणार नाही त्यांनी निरोप द्या, मी घरी येतो. पैसे नाहीत, चहा चालेल. रुग्णवाहिकेच्या लॉगबुकात यापुढे दर सोमवारी व्होल्टेजची नोंद ड्रायव्हर स्वतः करेल, मीटर कसा लावायचा ते त्याला शिकवलं आहे. एका खेपेत शिकला.

आणि पुढच्या बैठकीत विषय क्रमांक एक म्हणून त्याच्या पगारातून कापलेले १,८०० रुपये परत देण्याचा ठराव मी मांडणार आहे. जे लोक त्या रात्री त्याला शेडमध्ये उभं करून बोलले, त्यांच्यापैकीच कुणीतरी अनुमोदन द्यावं अशी माझी विनंती आहे.